गप्पीच्या मागून लाल दोरे डोकावताहेत : जंतांचे औषध माशांना इजा न होता कसे द्यावे?

काचेपलीकडे :
नमस्कार मंडळी. दोन फुटी टाकी आहे, त्यात अकरा गप्पी, चार कोरिडोरास (तळाशी चरणारे मासे) आणि भरपूर गोगलगायी. टाकी दीड वर्षं छान चालली आहे. परवा दिवा लावला तर एक मादी काचेजवळ नुसती उभी होती. शी करते त्या जागेतून तीन-चार लाल केसांसारखं काहीतरी बाहेर आलेलं. ती पोहायला लागली की केस आत, थांबली की पुन्हा बाहेर. आधी वाटलं शी लोंबकळतेय. काल आणखी दोघींना तसंच दिसलं.

महिन्यापूर्वी एक नर खंगून गेला होता. पोट आत गेलं होतं, पाठ वाकली होती. तेव्हा म्हातारा झाला असेल म्हणून मी सोडून दिलं. आता रात्री तोच डोळ्यांसमोर येतो.

दुकानदाराने 'सगळ्या रोगांवर चालतं' म्हणून एक निळी बाटली दिली आहे. ओळखीच्या एकाने गुरांचं जंताचं औषध टाकायला सांगितलं, दुसऱ्याने माणसांची गोळी कुटून. मी अजून काहीच टाकलेलं नाही. कृपया कोणी नीट सांगेल का? आणि ते दोरे चिमट्याने ओढून काढावेत का?

रात्रपाळी :
चिमटा लावू नका, हे सगळ्यात आधी. तो जंत तोंडाने आतड्याच्या अस्तराला घट्ट चावून बसलेला असतो. ओढलात तर जंताबरोबर आतडंही फाटेल.

वर्णनावरून हा कॅमेलॅनस वाटतो, बहुधा कॅमेलॅनस कोटी. गोल कृमींच्या कुळातला. लाल दिसतो कारण माशाचं रक्त पितो. बाहेर डोकावतात त्या पिल्लांनी भरलेल्या माद्या. हा जंत अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं थेट पाण्यात सोडतो. ती तळाशी वळवळत राहतात. निसर्गात त्यांना सायक्लॉपसारखा बारीक जीव गिळतो, आणि तो जीव माशाने खाल्ला की पिल्लू माशाच्या पोटात पोचतं. पण टाकीत मधला जीव नसला तरी हा जंत माशातून माशात काही पिढ्या सरळ पसरू शकतो. 'मी जिवंत खाद्य कधी दिलंच नाही, मग आला कुठून' याचं उत्तर तिथे आहे. एक मासा घेऊन आला, बाकीच्यांनी तळ चघळताना उचलला.

ओळखायची सोपी खूण तुम्ही स्वतःच लिहिली आहे : हलली की आत, थांबली की बाहेर. शी अशी आत-बाहेर करत नाही. दोरा लाल आहे, ताठ आहे आणि एकापेक्षा जास्त आहेत, म्हणजे शंकेला फारशी जागा नाही. तरी जवळून एक फोटो टाका.

निळी बाटली उघडू नका. बुरशी किंवा पांढऱ्या ठिपक्यांवरच्या रंगीत औषधाने आतड्यातला जंत हलणारही नाही. माशाला मात्र त्रास होईल.

काचेपलीकडे :
फोटो टाकला आहे. चिमट्याचं लगेच सांगितलंत, फार आभार. मी आज संध्याकाळी तेच करणार होतो.

शेवाळी :
फोटो पाहिला. कॅमेलॅनसच. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी प्लॅटींना झाला होता, तो फोटो आणि हा जवळजवळ एकच.

माझा अनुभव लिहिते, कारण मी चूक केली आणि ती कोणी पुन्हा करू नये. मला फेनबेंडाझोल हे जंताचं औषध मिळालं. तेच लगेच पाण्यात टाकलं. ते पाण्यात विरघळतच नाही म्हणावं इतकं कमी. पांढरा गाळ होऊन खडीवर बसलं. माशांच्या पोटात किती गेलं देव जाणे, पण नेराइट गोगलगायी आठवड्यात सगळ्या मेल्या. मेलेल्या गोगलगायींनी अमोनिया वाढला आणि दोन प्लॅटी त्याने गेल्या, जंताने नाही. नंतर खडी तीनदा धुतली तरी नवी नेराइट त्या टाकीत टिकली नाही. शेवटी खडीच बदलली.

फेनबेंडाझोल वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. ते खाद्यातून द्यायचं औषध आहे. मी ते पाण्यात ओतलं, तिथे चुकलं.

डिस्कसवाला :
शेवाळीताईंशी सहमत. खाद्यातून देताना सर्वसाधारण प्रमाण खाद्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम खाद्यात २५० मिलीग्रॅम. तीन दिवस द्यायचं, मग दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस. जिलेटिनमध्ये बांधलं तर पाण्यात सुटत नाही. मी माझ्या डिस्कस माशांना कॅपिलारिया या आतड्यातल्या गोल कृमीवर असंच देतो. पण मासा खात असेल तरच त्याचा उपयोग. जंताने पोखरलेला मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो, म्हणजे ज्याला औषध सर्वांत जास्त हवं त्याच्याच पोटात ते जात नाही. शिवाय हे औषध हळू काम करतं. जंताच्या पेशींची आतली बांधणी मोडतं, त्याला दिवस लागतात.

कॅमेलॅनससाठी माझा कौल लेव्हामिसोल या औषधाला. ते पाण्यात सहज विरघळतं आणि न खाणाऱ्या माशापर्यंतही पोचतं.

रात्रपाळी :
लेव्हामिसोलच. फक्त ते काय करतं हे समजून घेऊन वापरा, कारण पुढची सगळी मेहनत त्यावर अवलंबून आहे.

लेव्हामिसोल जंताचे स्नायू आखडवतं. जंताला लकवा होतो, आतड्यावरची पकड सुटते, आणि मासा त्याला शीबरोबर बाहेर टाकतो. बाहेर पडलेला जंत मेलेला असेलच असं नाही. मादी असेल तर पोटात शेकडो जिवंत पिल्लं असतात. औषध उतरलं की यातलं काही पुन्हा हालचाल करू लागतं. म्हणजे औषधाने जंत तुमच्या हातात आणून दिला. तो टाकीबाहेर काढायचं काम तुमचं आहे, औषधाचं नाही. 'औषध दिलं, तरी महिन्याने परत आले' अशी तक्रार करणाऱ्यांना मी विचारते, तळ कधी उपसला? बहुतेकांनी उपसलेलाच नसतो.

नेहमी वापरलं जाणारं प्रमाण : लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड दर लिटरला २ मिलीग्रॅम, २४ तासांसाठी. मग तळ उपसून मोठा पाणीबदल. दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच. मी स्वतः तिसऱ्यांदाही देते.

काचेपलीकडे :
कळलं. टाकी ७२ लिटरची आहे, म्हणजे १४४ मिलीग्रॅम, बरोबर?

थेंबथेंब :
थांबा! ७२ लिटर हे काचेचं माप झालं. पाणी किती आहे?

पट्टी घ्या. लांबी आणि रुंदी आतून मोजा. उंची तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंत, काचेच्या कडेपर्यंत नाही. तिन्ही सेंटीमीटरमध्ये, गुणाकार करून हजाराने भागा.

काचेपलीकडे :
आतून ६० × ३०, पाणी ३२ पर्यंत. म्हणजे ५७.६ लिटर. खडी ५ सेंटीमीटर आहे, दगड नाहीत.

थेंबथेंब :
खडीचा थर ६० × ३० × ५, म्हणजे ९ लिटर जागा. त्यात सगळे खडेच नसतात, मधल्या फटींत पाणी असतं. खडे स्वतः साधारण ६० टक्के जागा घेतात असं धरा, म्हणजे ५.४ लिटर. ५७.६ मधून ते वजा केलं तर राहिलं ५२ लिटर.

तुमचं औषध झालं १०४ मिलीग्रॅम. तुम्ही १४४ टाकणार होतात, म्हणजे सव्वापटीहूनही जास्त. लेव्हामिसोलने तेवढ्यावर सगळे मासे गेले असते असं नाही, पण खंगलेल्या मादीवर असा प्रयोग का करावा? आणि उलटी चूकही तितकीच घातक आहे. कमी औषधात अर्धमेले होऊन सावरणारे जंतच पुढची पिढी वाढवतात.

आता १०४ मिलीग्रॅम मोजायचं कसं? साध्या काट्यावर हे वजन दिसणारही नाही. दागिने तोलायचा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा मिळवा. त्यावरही १०४ मिलीग्रॅम थेट तोलू नका. १ ग्रॅम भुकटी तोला, १०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा. आता दर मिलीत १० मिलीग्रॅम आहे. सुई नसलेल्या सिरिंजने १०.४ मिली घ्या. चूक झालीच तर थेंबाची होईल, पटीत होणार नाही. उरलेलं द्रावण साठवू नका, पुढच्या वेळी ताजं करा.

द्रवरूप औषध मिळालं तर बाटलीवरची टक्केवारी वाचा. ३ टक्के म्हणजे १०० मिलीत ३ ग्रॅम, दर मिलीत ३० मिलीग्रॅम. तेव्हा तुम्हाला साडेतीन मिली पुरेल. 'एक झाकण', 'दहा थेंब' अशा मापांवर कोणाच्याही जिवाचा भरवसा ठेवू नका.

डिस्कसवाला :
द्रवाचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची सूचना. गुरांच्या औषधाच्या बाटलीवरचं मोठं नाव वाचून थांबू नका, बारीक अक्षरांतले घटक वाचा. लेव्हामिसोलबरोबर बऱ्याचदा ऑक्सिक्लोझानाइड मिसळलेलं असतं. गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींसाठी ते घालतात. ते ज्या रासायनिक कुळातलं आहे त्यातल्याच निक्लोसामाइडने मासे पटापट मरतात. घटक एकच हवा : लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड. दुसरं काहीही लिहिलेलं असलं तर ती बाटली तुमच्या टाकीसाठी नाही.

माणसांच्या गोळीबद्दलही तेच. निक्लोसामाइड हे माणसांच्या पट्टकृमींवरचं जुनं औषध आहे. पोटात घेतलं तर माणसाला चालतं, पाण्यात पडलं तर माशाला विष. आणि आयव्हरमेक्टिन कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. माशांत त्याची उपयोगी मात्रा आणि मारक मात्रा इतकी जवळ आहे की हातात काटा असूनही मी ते वापरत नाही. अंदाजाने तर कोणीच वापरू नये.

जवळपास माशांची माहिती असलेला पशुवैद्य असेल तर औषध त्याच्याकडूनच लिहून घ्या. शुद्ध औषधही तिथूनच मिळतं.

सोनपरी :
मध्येच विचारते, वेगळा धागा काढत नाही. माझे गोल्डफिश खडीला अंग घासतात, एका बाजूचा कल्ला मिटून पोहतात, अंगावर पातळ दुधी थर आहे. हेही जंतच का? लेव्हामिसोल चालेल?

रात्रपाळी :
सोनपरी, ही लक्षणं कल्ल्यांवरच्या किंवा कातडीवरच्या चपट्या कृमींची असू शकतात. पण पांढऱ्या ठिपक्यांचे जीव आणि वाढलेला अमोनिया यांतही मासे असेच घासतात. आधी अमोनिया तपासा. मग शक्य असेल तर काचपट्टीवर अंगावरचा थोडा चिकट थर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा किंवा कोणाकडून बघून घ्या. ४० पट आणि १०० पट एवढंही पुरतं.

डोक्याशी चार काळे ठिपके दिसले तर डॅक्टिलोगायरस. ते डोळे. तो बहुतेक कल्ल्यात राहतो आणि अंडी घालतो. डोळे नसलेला आणि पोटात आकड्यांसकट पिल्लू दिसणारा तो गायरोडॅक्टिलस. त्या पिल्लाच्या पोटातही पुढचं पिल्लू वाढत असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अर्धा तास काचपट्टीवरून डोळा हलवला नव्हता.

या दोघांवर औषध प्राझिक्वांटेल, दर लिटरला २ ते २.५ मिलीग्रॅम. पट्टकृमींवरही तेच. गोल कृमींवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, म्हणून काचेपलीकडे यांनी ते घेऊ नये आणि तुम्ही लेव्हामिसोलच्या मागे लागू नये. प्राझिक्वांटेल पाण्यात फार कमी विरघळतं. आधी थोड्या शुद्ध अल्कोहोलमध्ये विरघळवून मग टाकीत पसरवतात.

अंडी घालणाऱ्याची गोम अशी की अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही. उबदार पाण्यात अंडी काही दिवसांत फुटतात, थंड पाण्यात आठवडे घेतात. म्हणून दुसरा डोस कधी, हे तुमच्या पाण्याच्या तापमानावर ठरतं. गरम पाण्यात पाच-सात दिवसांनी, थंडीत जास्त अंतराने आणि जास्त वेळा. गोल्डफिश थंड पाण्यात असतात, तिथे लोक घाई करून दोन डोस लागोपाठ देतात आणि अंडी सुखरूप राहतात.

शेवाळी :
या निमित्ताने, जे जंत नाहीत त्यांच्याबद्दलही लिहिते. काचेवर सरपटणारे पांढरे बारीक धाग्यासारखे किडे पाहून घाबरून औषध टाकणारे बरेच भेटतात. ते किडे उरलेलं खाद्य आणि गाळ खातात, माशाला काही करत नाहीत. खाद्य कमी करा, तळ साफ ठेवा, कमी होतात. त्रिकोणी डोक्याचे प्लॅनेरियाही माशाच्या पोटात राहत नाहीत.

आणि 'अँकर वर्म'. नावात कृमी आहे पण तो कृमी नाहीच, झिंग्या-खेकड्यांच्या वंशातला आहे. माशाच्या अंगात डोकं रुतवून बसतो, बाहेर काडीसारखं शरीर आणि टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. त्यावर लेव्हामिसोलही चालत नाही, प्राझिक्वांटेलही नाही.

पांढरी लांब शी पाहून जंताचं निदान करू नका, हेही मी ठोकर खाऊन शिकले. उपाशी मासाही तशी शी करतो. आतड्यातल्या एकपेशीय जीवांमुळेही होते, त्यावर औषध वेगळंच.

डिस्कसवाला :
म्हणूनच कॅपिलारियाला मी शी तपासल्याशिवाय औषध देत नाही. लिंबासारखी अंडी, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखं. एकदा पाहिलं की विसरता येत नाही. ती अंडी तळात पडून राहतात आणि मासा तीच उचलतो. म्हणून डिस्कसच्या टाकीत मी खडीच ठेवत नाही.

काचेपलीकडे :
पशुवैद्यांशी बोललो. फोटो पाहून त्यांनीही कॅमेलॅनसच सांगितला आणि शुद्ध लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइडची भुकटी लिहून दिली. शनिवारी सुरू करतोय. सुट्टी आहे, दिवसभर समोर बसता येईल. आधी काय तयारी करू? गोगलगायी आणि झाडं बाहेर काढू का?

रात्रपाळी :
शनिवार निवडलात ते फार चांगलं. पहिले काही तास समोर असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शुक्रवारी खाद्य देऊ नका. रिकाम्या पोटी शी कमी, पाणी स्वच्छ, मासे औषध नीट झेलतात. शनिवारी सकाळी तळ सायफनने उपसा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच घाला. फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर औषध तोच शोषून घेईल. अतिनील दिवा असेल तर बंद. स्पंज तसाच चालू ठेवा. हवेचे बुडबुडे सोडणारा एक जास्तीचा दगड सोडा. पाण्याची पातळी पुन्हा ३२ वर आणा, तरच तुमचा ५२ लिटरचा हिशेब खरा.

झाडं राहू द्या. गोगलगायी दुसऱ्या भांड्यात हलवल्या तरी चालेल, पण त्या भांड्यातलं पाणीही दूषित समजा. परत टाकताना स्वच्छ पाण्यातून दोन-तीनदा काढा.

सिरिंजमधलं द्रावण एका जागी ओतू नका. मगभर टाकीच्याच पाण्यात मिसळून चारी कोपऱ्यांत हळूहळू सोडा. दिवा बंद, टाकीवर कापड. मासे शांत राहतात.

हातमोजे घाला. भुकटी तोलताना पंखा बंद. हे औषध माणसांतही पूर्वी वापरलं जायचं, पण काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात म्हणून मागे पडलं. स्वयंपाकाचा चमचा किंवा वाटी यासाठी घेऊ नका, नंतर धुऊनही परत वापरू नका.

थेंबथेंब :
आणि कागदावर लिहून ठेवा : किती वाजता, किती मिली, कोणत्या द्रावणातून. दोन आठवड्यांनी आठवत नाही. मी एकदा घरातल्या दुसऱ्या माणसाने आधीच औषध टाकलंय हे न कळून दुसऱ्यांदा टाकलं होतं. तेव्हापासून टाकीवर कागद चिकटवतो.

काचेपलीकडे :
शनिवार, दुपारचे दोन. सकाळी साडेदहाला १०.४ मिली सोडलं. पहिला तास काही नाही. मग मोठी मादी अस्वस्थ झाली, शेपटी झटकायला लागली. साडेबाराला तिच्यातून पाच लाल जंत एकामागून एक बाहेर पडले. मी मोजले. एवढ्याशा माशात हे सगळं होतं. ती आता तळाशी बसून आहे, कल्ले वेगात हलताहेत. घाबरायचं का?

रात्रपाळी :
बसली आहे, पण सरळ बसली आहे ना? आडवी पडत नाही, पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढत नाही, तोवर थांबा. हवा वाढवा. आडवी झाली किंवा गिरक्या घ्यायला लागली तर वाट बघू नका. अर्धं पाणी त्याच तापमानाच्या पाण्याने बदला आणि कोळसा परत घाला. औषध दुसऱ्यांदा देता येतं.

पडलेले जंत दिसतील तसे आत्ताच ओढून घ्या. कोरिडोरास त्यांना खायला टपलेले असतात, आणि पिल्लांनी भरलेली मादी त्यांच्या पोटात गेली तर आपण जे केलं ते फुकट.

काचेपलीकडे :
सरळ बसली आहे. नळीने अकरा जंत काढले. उकळत्या पाण्यात टाकून मारले.

रविवारी सकाळी टाकीचा तळ इंच न इंच उपसला, साठ टक्के पाणी बदललं, स्पंज काढलेल्या पाण्यात पिळला, कोळसा घातला. मोठी मादी वर आली आहे. संध्याकाळी तिने पहिल्यांदा खाद्याकडे तोंड वळवलं. एक लहान मादी मात्र गेली. तिचं पोट आधीपासूनच आत होतं.

शेवाळी :
वाईट वाटलं. अशक्त माशाच्या आतड्याला इतकी भोकं पडलेली असतात की जंत सुटले तरी जखमा राहतात. तुम्ही उशीर केला असं मनाला लावून घेऊ नका.

काढलेलं पाणी कुठे टाकलंत?

काचेपलीकडे :
बागेत टाकणार होतो. अजून बादलीत आहे.

शेवाळी :
ओढा, तळं, विहीर, नदीला जाणारी उघडी गटारं यांत कुठेच नको. संडासात ओता. हे मी नुसतं काळजीपोटी सांगत नाही. कॅमेलॅनस कोटीचं वर्णन १९२७ साली जपानमधल्या माशांवरून फुजिता यांनी केलं. मूळचा आशियातला हा जंत शोभेच्या माशांबरोबर जगभर गेला. हवाई बेटांच्या ओढ्यांत बाहेरून आणून सोडलेल्या गप्पी आणि त्यांच्या भाईबंदांबरोबर तो पोचला आणि तिथल्या मूळच्या गोबी माशांत शिरला. त्या गोबींनी हा जंत कधी पाहिलाही नव्हता. आपल्या बादलीतली पिल्लंही कुठल्यातरी ओढ्यातल्या माशापर्यंत पोचू शकतात.

जाळी, नळी, बादली दुसऱ्या टाकीला लावू नका. धुवा आणि कडकडीत वाळवा. ओलेपणा हाच यांचा प्रवासमार्ग.

सोनपरी :
माझ्याकडे थर तपासून घेतला. चार डोळ्यांचा निघाला! अमोनियाही थोडा होता, तो आधी उतरवला. पाणी १८ अंश आहे, म्हणून डोस दहा दिवसांच्या अंतराने ठरवले आहेत, तीन नाही, चार. घासणं पहिल्या डोसनंतरच बरंच कमी झालं. ठिपके बघताना मलाही काचपट्टीवरून डोळा हलवता आला नाही, रात्रपाळीताई.

काचेपलीकडे :
अठराव्या दिवशी दुसरा डोस दिला. पाणी पुन्हा मोजलं, खडी उपशामुळे थोडी कमी झाली होती, म्हणून ५३ लिटर धरले, १०.६ मिली. यावेळी फक्त दोन बारीक जंत पडले, दोन्ही एका नरातून, वरून काहीच दिसत नव्हतं त्याच्यातून. हा नर मी 'निरोगी' समजून मित्राला द्यायला निघालो होतो.

थेंबथेंब :
वरून न दिसणारा जंत, हीच पहिल्या डोसवर थांबणाऱ्यांची फसगत. नवीन मासेही निदान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तळाला काही न घालता, म्हणजे काय पडतं ते दिसतं.

काचेपलीकडे :
तिसरा डोसही झाला. काही पडलं नाही. नळीतून आलेला गाळ पांढऱ्या ताटलीत पसरून भिंगाने पाहिला, काही वळवळत नाही.

आणि आज सकाळी मोठ्या मादीने पिल्लं दिली. चौदा मोजली, एखाद-दुसरं झाडांत असेल. पिल्लं आता बाजूच्या भांड्यात आहेत, रिकाम्या तळाच्या. पिल्लांना औषध द्यावं का?

रात्रपाळी :
आईच्या पोटातून पिल्लांत हा जंत येत नाही. तो त्यांना तळातूनच मिळाला असता, आणि तुमची पिल्लं काही तासांच्या आत टाकीबाहेर निघाली. औषध देऊ नका. त्यांचं भांडं, त्यांची नळी, त्यांची जाळी वेगळी ठेवा. सहा आठवडे शीवर लक्ष ठेवा, रोज थोडं पाणी बदला. आईचं काय? खाते का?

काचेपलीकडे :
खाते. आत्ता काचेजवळ उभी आहे, पण खाद्यासाठी.